देवकापसाचा रुमाल

पांघरूण ओढा नीट. पाय आत घ्या. आज वाढदिवसाचे चकचकीत कागद टराटरा फाडलेत ना, त्यांचा ढीग केरात जाताना बघितला आणि मला शेवंताची गोष्ट आठवली. कुशीवर वळा आणि ऐका.

एका राजाला होती एक लेक. तिचं नाव शेवंता. राजाचं राज्य नदीकाठी, सपाट मुलखात. काळी जमीन, कापसाची शेतं आणि काठाला बांबूची बेटं. शेवंताच्या आईचं नाव भीमाई. ती राणी होती खरी, पण मागावर बसून हातभर कापड विणल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे.

त्या घरात भेटवस्तू उघडी पाठवत नसत. कशात तरी बांधून पाठवायची. आणि ज्यात बांधायची ते फाडायचं नाही, टाकायचं नाही. ते परत यायचं, पुन्हा जायचं. कधी रुमाल, कधी करंडी, कधी जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. भीमाई ती सगळी बांधणी आपल्या हातांनी करी. आणि तिच्या हाताला एक गुण होता, बरं का. ती जे काही बांधी, त्यात ते कापड, तो बांबू जिथून आला ते घर येऊन बसे. तिथली ऊब, तिथला आवाज. पण ते कळे फक्त त्या घरच्या लेकीला. दुसऱ्याच्या हाताला ते नुसतंच कापड.

मग शेवंता मोठी झाली. तिचं लग्न झालं. सासर मिळालं दूर, डोंगरावरच्या काळ्या गडावर. तिथे झाड कमी, दगड फार, आणि वारा तर असा की बोललेला शब्द उडवून नेई. नवरा चांगला होता, पण तो सैन्य घेऊन सीमेवर गेला. सासरे केव्हाच वारले होते. गडावर राज्य होतं सासूबाईंचं. त्यांचं नाव राणी चंपावती.

चंपावती कोणाला मारत नसत. ओरडतही नसत. पण हसतही नसत. त्यांचा एक नियम होता. गडावर आलेल्या सुनेनं माहेरी जायचं नाही आणि माहेरचं काही अंगावर घालायचं नाही. शेवंताला दोन जावा होत्या. थोरली आणि मधली. त्यांनाही तोच नियम. कोणाच्या माहेरून काही आलं की सासूबाई स्वतः गाठ सोडत, आतली वस्तू घेत आणि कोठीत ठेवून कुलूप लावत. ते दागिने, ती लुगडी त्या स्वतः कधी वापरत नव्हत्या हं. नुसतं कुलूप.

पहिली संक्रांत आली. भीमाईनं लेकीसाठी काळी चंद्रकळा घेतली, हलव्याचे दागिने केले, आणि ते सगळं आपल्या जुन्या लुगड्यात बांधलं. शंभरदा धुतलेलं लुगडं, सायीसारखं मऊ. सखोजी नावाचा घरचा म्हातारा घोडेस्वार होता. तो ते घेऊन निघाला. नदी ओलांडली, घाट चढला, गडावर पोचला.

सासूबाईंनी गाठ सोडली. चंद्रकळा कोठीत गेली. हलवा कोठीत गेला. वरचं जुनं लुगडं त्यांनी बोटांनी उचललं आणि म्हणाल्या, हे फडकं सूनबाईला द्या.

शेवंतानं ते फडकं घेतलं आणि गच्चीत गेली. तिला रडायचं होतं, आणि खाली कोणी बघेल म्हणून रडता येत नव्हतं. वारा झोंबत होता. तिनं ते लुगडं खांद्यावर घेतलं. आणि मग काय झालं? वारा थांबला. म्हणजे गडावर वारा होताच, पण तिच्या अंगाला लागेना. पाठीवर ऊब आली. चुलीपुढे आईच्या मांडीला टेकून बसल्यावर येते तशी. शेवंता तिथेच भिंतीला टेकली आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिला शांत झोप लागली.

पण लुगडं परत पाठवायला हवं होतं. त्यात घालायला तिच्याकडे काही नव्हतं. तिनं तटाच्या फटीत वाळलेली रानफुलं वेचली, ती बांधली आणि सखोजीला सांगितलं की आईला म्हणावं, मी सुखात आहे.

सखोजीनं घरी जाऊन निरोप जसाच्या तसा सांगितला. आणि मग जे डोळ्यांनी पाहिलं तेही सांगितलं.

राजाला राग आला. तो म्हणाला, मी सैन्य पाठवतो. भीमाईनं ती वाळली फुलं ओंजळीत घेतली. मग म्हणाली, सैन्य गेलं तर लेकीचंच घर मोडेल. विहीणबाई आतलं काढून घेतात ना? घेऊ देत. आपण बाहेरचं नीट करू.

मग आली नागपंचमी. या खेपेला भीमाईनं हिरव्या बांगड्या घेतल्या, आणि त्यांच्यासाठी नदीकाठच्या बांबूची करंडी विणली. झाकणाची, गोल, बारीक विणीची. सखोजी पावसापाण्यातून ती घेऊन गेला. सासूबाईंनी झाकण काढलं. बांगड्या कोठीत, करंडी सुनेला.

शेवंतानं आपल्या खोलीत जाऊन झाकण उघडलं. आतून नदी वाहिल्याचा आवाज आला. मग मागाचा खटखट आवाज. आणि त्या तालावर आई ओवी म्हणत होती. हळू आवाजात, काम करताना म्हणतात तशी. शेवंता ऐकत राहिली. मग तीही आईबरोबर म्हणायला लागली.

पावसानं घाट बंद झाला, म्हणून सखोजी आणि करंडी दोघंही गडावरच राहिले, आणि रोज असं व्हायला लागलं. दुपारी काम आटोपलं की शेवंता करंडी उघडायची आणि गायला लागायची. थोरली जाऊ येऊन बसे, मधली येऊन बसे. त्यांना करंडीतलं ऐकू येत नव्हतं. पण शेवंताचं गाणं ऐकून त्या आपापल्या आईच्या ओव्या आठवत आणि त्याही म्हणत. त्या गडाच्या भिंतींनी असं काही कधी ऐकलंच नव्हतं.

एके दिवशी दार ढकललं गेलं. सासूबाई उभ्या होत्या. जावा घाबरून उठल्या. सासूबाईंनी विचारलं, कोणाबरोबर गात होतीस?

शेवंता खोटं बोलली नाही. तिनं करंडी दाखवली, म्हणाली, यात माझी आई आहे.

सासूबाईंनी करंडी हातात घेतली. शेवंताला वाटलं, आता ही तटावरून खाली जाणार. पण त्यांनी ती कानाला लावली. डोळे मिटले.  मग करंडी खाली ठेवली.

"मला काहीच ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या गेल्यावर थोरल्या जावेनं दार लावून घेतलं आणि शेवंताला सगळं सांगितलं. सासूबाई लहान होत्या तेव्हा या गडाच्या राजानं त्यांच्या वडिलांचं गाव जिंकलं होतं. गाव जाळलं. आई गेली, वडील गेले, भाऊ गेले. आणि वाचलेल्या मुलीला गडावर आणून सून केलं. तिला माहेरून कधी काही आलं नाही. पाठवायला माहेरच उरलं नव्हतं.

शेवंताच्या मनातला राग तिथेच निवला. करंडी परत पाठवताना तिनं त्यात तटावरचं थोडं हिरवं शेवाळ घातलं, आणि सखोजीला सासूबाईंची हकिगत सांगितली. म्हणाली, आईला सांगा. तिला माहीत असलेलं बरं.

भीमाईनं ती हकिगत ऐकली. त्या दिवशी ती मागावर बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सखोजीला बोलावलं. विचारलं, विहीणबाईंचं गाव कुठे होतं ते तुम्हाला ठाऊक आहे का?

सखोजी म्हातारा होता, त्यानं ते गाव नांदतं असताना पाहिलं होतं. तो गेला. तिथे काय उरलं होतं? पडक्या भिंती, त्यावर वेली. विहीर बुजलेली. पण मोठ्या घराच्या अंगणात देवकापसाचं एक झाड होतं. देवकापूस म्हणजे ज्याच्या आपण देवापुढच्या वाती करतो ना, तो. आगीतून वाचून ते पुन्हा फुटलं होतं. बोंडं उकलून पांढरीशुभ्र झाली होती आणि वेचायला कोणी नव्हतं. सखोजीनं ती सगळी वेचली.

भीमाईला तेव्हा हिवताप आला होता. अंग कापत होतं. वैद्यबुवा म्हणाले, उठायचं नाही. राजा म्हणाला, दासी विणतील. भीमाई ऐकेना. विहीणबाईंच्या घरचा कापूस आहे, म्हणाली, तो मीच कातायचा. थंडी भरली की थांबायची, उतरली की पुन्हा सूत काढायची. असा तिनं एक रुमाल विणला. साधा, पांढरा, काठ नसलेला. त्यात त्याच कापसाच्या सरक्या, म्हणजे बिया, मूठभर ठेवल्या आणि गाठ मारली. गाठ मारून झाली आणि तिचा हात गळून पडला.

दिवाळी आली. सखोजी गडावर पोचला. म्हणाला, या खेपेची भेट सूनबाईंना नाही. राणीसाहेबांना आहे.

चंपावतींना ते खरंच वाटेना. त्यांनी पुन्हा विचारलं, माझ्यासाठी? सखोजी म्हणाला, हो, तुमच्यासाठी.

सदरेवर सगळे जमले होते. इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या किती गाठी सोडल्या होत्या त्यांनी. पण ही गाठ त्यांना सुटेना.  शेवंता पुढे झाली, पण त्यांनी मानेनंच नको म्हटलं. शेवटी गाठ सुटली.

सरक्या मांडीवर पडल्या. रुमाल उघडा झाला. आणि चंपावती एकदम ताठ बसल्या. नुकत्याच सारवलेल्या अंगणाचा ओला वास आला त्यांना. विहिरीवर रहाट वाजला. आणि मग घरातून कोणीतरी हाक मारली.

"ठमे, ऊन झालं गं. घरात ये."

ठमा हे त्यांचं लहानपणीचं नाव. गडावर ते कोणालाच माहीत नव्हतं. ते नाव घेणारं माणूस जगात राहिलं नव्हतं.

सदरेवर बाकी कोणालाच काही ऐकू आलं नाही, बरं का. सगळ्यांना एवढंच दिसलं, की राणी चंपावतींनी तो रुमाल तोंडाशी धरला आणि लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. खूप रडल्या.  शेवंता त्यांच्याजवळ जाऊन खाली बसली आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

रडणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, हे कोणी विणलं?

सखोजीनं मान खाली घातली. आजाराचं सांगू नका, असं भीमाईनं बजावलं होतं. पण त्याला आता राहवेना. त्यानं सगळं सांगितलं. ताप सांगितला, गळून पडलेला हात सांगितला. म्हणाला, आमच्या राणीसाहेब लेकीची वाट बघत आहेत, पण बोलून दाखवत नाहीत.

शेवंताचं तोंड पांढरं पडलं. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. नियम तिला माहीत होता. तरी ती म्हणाली, "सासूबाई, मला जाऊ द्या."

"तू एकटी जायचं नाहीस," चंपावती म्हणाल्या. "मी येते."

मग त्यांनी कमरेची किल्ली काढली. कोठी उघडली. थोरलीचं थोरलीला दिलं, मधलीचं मधलीला दिलं. शेवंता चंद्रकळा नेसली आणि तिनं हिरव्या बांगड्या भरल्या. थोरल्या आणि मधल्या सुनेला त्यांनी सांगितलं, तुम्हीही आपापल्या माहेरी निघा. दिवाळी आहे. मेणे सजले. ज्या दिवशी त्यांना गडावर आणलं होतं त्या दिवसानंतर राणी चंपावती पहिल्यांदा गड उतरल्या.

नदीकाठच्या घरात भीमाई खाटेवर पडली होती. डोळे मिटलेले. शेवंता धावत गेली आणि आईच्या गळ्यात पडली. भीमाईनं डोळे उघडले. लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. केस मागे सारले. 

चंपावती मात्र उंबऱ्याबाहेरच थांबल्या. एवढी मोठी राणी, पण आत कसं जावं ते त्यांना कळेना. जिच्या लेकीला आपण असं वागवलं, तिच्यासमोर जायचं कोणत्या तोंडानं?

भीमाईला त्या दिसल्या. तिनं शेवंताच्या आधारानं मान उचलली. आवाज फार बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"ठमाताई, बाहेर का उभ्या? आत या. हे तुमचंच घर आहे."

हे नाव तिला कोणी सांगितलं, ते नका विचारू. रुमाल तिनंच विणला होता ना? काहीतरी तिलाही ऐकू आलं असेल.

चंपावती आत आल्या. खाटेशी बसल्या. भीमाईचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि चेपू लागल्या. कोणी नको म्हटलं तरी त्यांनी ऐकलं नाही.

मग हळूहळू भीमाईचा ताप उतरला. थंडी सरेपर्यंत ती उठून बसली, पेज खाऊ लागली, अंगणात येऊ लागली. शेवंता आईजवळ राहिली आणि तिच्या सासूबाईही राहिल्या. दुपारी दोघी विहिणी मागाशी बसत. एक विणे, एक सूत भरे. पुढे शेवंता सासरी गेली, नवरा सीमेवरून परत आला, आणि दर वर्षी तिघी सुना माहेरपणाला जाऊ लागल्या. भीमाई पुष्कळ वर्षं जगली. चंपावतीही जगल्या, आणि त्या हसायला शिकल्या. थोडंसंच, पण शिकल्या.

झालं. त्या गडावरची सगळी माणसं आता निजली आहेत. तुम्हीही डोळे मिटा. दिवा मी बारीक करते.