राग कोणाचा गेला

“आणि या रागात मास्तर कुठून आले?” फादर अन्सेल्मोंनी पत्रावरची नजर न काढता विचारलं.

हेरंब सबनीस या प्रश्नाची वाटच पाहत होता. स्पॅनिशमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवून हा गडी सांगलीहून थेट स्पेनमधल्या या डोंगरी मठात येऊन राहिला होता, भाषेवर शेवटचा हात फिरवायला. गावातल्या निरक्षरांची पत्रं लिहून देणं हे मठाचं जुनं काम. ते आता त्याच्याकडे होतं, आणि तो ते मोठ्या ऐटीत करी.

आजचं पत्र रेमेदिओसबाईंचं. त्यांचा मुलगा अकरा वर्षांपूर्वी बापाशी भांडून घराबाहेर पडला, तो पुन्हा फिरकला नव्हता. आता बापाने अंथरूण धरलं होतं. बाईंनी सांगितलं होतं, “काल मास्तर येऊन गेले. आता त्यांचा राग गेलाय. ये.”

हेरंबने लिहिलं होतं, ‘आता मास्तरांचा राग गेला आहे.’

“वाक्य संदिग्ध होतं, फादर. मी स्पष्ट केलं. आधी ज्याचं नाव आलं, राग त्याचा. नियमच आहे तसा.”

पोराने शाळेत मास्तरांची काही खोडी काढली असणार, असंही त्याने वर सांगून टाकलं. शहाण्याला कारणांचा काय तोटा.

खिडकीबाहेर मठाचा माळी वाफे खणत होता. फादरनी त्याला हाक मारून बाईंचा निरोप जसाच्या तसा ऐकवला आणि राग कोणाचा गेला म्हणून विचारलं.

“म्हाताऱ्याचा,” माळी म्हणाला. त्याने डोक्यावरची टोपी काढली. “देव पावला म्हणायचा.”

“त्याला व्याकरण कुठे येतं?” हेरंब पुटपुटला.

“नाही येत,” फादर म्हणाले.

“पण तुझी आई तुझ्या वडिलांना काय म्हणते रे?” त्यांनी विचारलं.

आईने वडिलांचं नाव घेतलेलं हेरंबने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. “आले का?” एवढंच ती विचारायची, आणि घरात कोणालाही कधी ‘कोण?’ म्हणावं लागलं नव्हतं.

त्याला मनापासून लाज वाटली. एका चुकलेल्या शब्दापायी पोरगा बापाला शेवटचा भेटला नसता.

त्याने नवा कागद घेतला आणि ‘तुझ्या वडिलांचा’ असं ठळक अक्षरात लिहिलं. फादरनी त्याचा हात धरला.

“बाई बोलल्या तसंच लिही.”

“पण अकरा वर्षं झाली, फादर. त्याला नाही कळलं तर?”

“तर विचारायला येईल.”