मंजुळामामींच्या ठोकळ्यांचा पूल

आमच्या पंचक्रोशीत माझ्याइतका शहाणा माणूस नाही. चौथीत मी तीन वर्षं बसलो. एवढी पक्की चौथी दुसऱ्या कुणाची झालेलीच नाही.

तर आमच्या कातळवाडीत तातू म्हणून एक भोळा गृहस्थ होता. वय चाळीस, अक्कल नवीकोरी, कधी वापरलेलीच नाही. मंजुळामामींच्या खेळण्यांच्या कारखान्यात कामाला. मामी लाकडाचे ठोकळे करायच्या. एका ठोकळ्याची खुंटी दुसऱ्याच्या भोकात बसवायची, की घर होतं, पूल होतो. त्या दिवशी तालुक्याचे साहेब ठोकळे बघायला यायचे होते. पसंत पडले तर सगळ्या बालवाड्यांत जाणार, नाहीतर कारखान्याला कुलूप.

मामी म्हणाल्या, "तातू, खुंट्या जरा चकचकीत कर."

तातूने खुंट्या खोबरेल तेलात बुडवल्या. चकाकल्या खऱ्या, पण खेळण्यातला पूल उभा केला की कोसळायचा.

"अरे, निसटतं ते पॉलिशपेपरने घासायचं. खरखरीत झालं की पकड येते."

"बरं मामी."

तेवढ्यात सरपंच आले. टेकले, घाम पुसला, म्हणाले, "ही टोपी मेली टकलावरून सारखी निसटते."

तातूने पॉलिशपेपर काढला. दोन हात मारले. सरपंच आधी लाल झाले, मग उभे राहिले.

मामींनी कपाळावर हात मारला. "माणसाला घासतात का रे? सुतळीचे दोन वेढे द्यायचे, की घट्ट बसतं."

"बरं मामी."

साहेब आले. ठोकळे बघायला वाकले, तर चष्मा नाकावरून घसरला. तातूने मागून येऊन चष्म्यासकट डोक्याला सुतळीचे दोन वेढे दिले. वर गाठ मारली. उरलेली सुतळी खुंट्यांना गुंडाळली आणि पूल ठोकून बसवला.

साहेबांनी डोक्याची सुतळी तशीच ठेवून पूल ओढून पाहिला. सुटेना.

"बाई, हे पोरांनी सोडवायचं कसं?"

मामींनी साहेबांची आणि खुंट्यांची सुतळी काढली. तेल पुसलं, खुंट्यांवर दोन बारीक खाचा पाडल्या. खुंटी टक्‌कन बसली आणि बोटाने ओढली की सुटली. दिसायलाही नक्षीसारखी.

"बघ तातू, चांगला पूल हा असा. हाताने सुटतो आणि पुन्हा जोडता येतो."

"बरं मामी," म्हणून तातू बाहेर गेला.

"पसंत," साहेब म्हणाले. "कागद जीपमध्ये आहे, आत्ता शिक्का मारून देतो." जीप ओढ्यापलीकडे उभी होती. मधे साकव, म्हणजे लाकडी पूल. गेल्याच वर्षी सरपंचांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेला, स्वतःच फीत कापलेला.

चहा घेऊन सगळे ओढ्यावर आले. तिथे साकव नव्हता. फळ्या काठावर रचलेल्या, नटबोल्ट ताटात मांडलेले, आणि शेजारी तातू मांडी घालून बसलेला. कागद पलीकडे, साहेब अलीकडे.

सरपंच ओरडले, "अरे गाढवा, तुला पाना दिला कुणी?"

"पाना कशाला, सरपंच? तुमचे बोल्ट बोटांनीच सुटले. मामीच्या खुंट्यांना निदान ओढावं तरी लागतं."