वेशीवरच्या तीन हाका

शत्रूच्या हेराने दारूगोळ्याचं कोठार पेटवलं, तेव्हापासून किल्ल्याच्या वेशीवर परगावच्या प्रत्येक माणसाची चौकशी होऊ लागली. चिमा लग्न होऊन सासरी निघाली होती, ती सकाळपासून त्या रांगेत नवऱ्यामागे उभी राहून पार आंबून गेली होती.

शिपायाने "वैजयंती!" अशी तीनदा हाक मारली, तरी ही मान वर करीना. अखेर नवऱ्याने कोपराने ढोसलं.

नाकेदार रंगोपंत मिशीला पीळ देत म्हणाले, "स्वतःच्या नावाला ओ देत नाही, म्हणजे नाव खोटं! आमच्या नजरेतून माशी सुटत नाही. हिला परत पाठवा!"

नवऱ्याचं तोंड उतरलं. चिमाने दमल्या हाताने पदर सावरला.

"सरकार, हेर नाव घोकून येतो. माझं नवं नाव यांनी लग्नात तांदळात लिहिलं, त्याला आज चौथा दिवस. कोठार जाळणाऱ्याने कितव्या हाकेला ओ दिली होती?"

रांगेत खसखस पिकली. त्या हेराला रंगोपंतांनीच आत सोडलं होतं, पहिल्याच हाकेला.

"जा आत, वैजयंती," ते पुटपुटले.

चिमा जागची हलली नाही. नवऱ्याला पुन्हा कोपर उचलावं लागलं.