यमुना गावंडे यांचा रिपोर्ट

"मग ज्याला कळत नाही, तो काय करतो?" हंसाबाईंनी विचारलं.

"असं कुणी उरलंच नाही, बाई," शलाका म्हणाली.

बाईंनी मान हलवली. ती होकाराची की नुसतीच, ते शलाकाला ठरवता आलं नाही.

पूर्णेच्या काठावरच्या त्या आश्रमात हंसाबाई सगळ्यांत जुन्या संन्यासिनी. शलाका सात वर्षांची असताना तिची आई गेली, आणि बापानं तिला इथं आणून बाईंच्या पायाशी बसवलं. बाराखडीपासून पोथीपर्यंत सगळं ती बाईंच्याच मांडीला टेकून शिकली. आता ती पुण्यात इंजिनियर होती. आज ती दंडवत घालायला आली होती असं म्हणायचं. खरं तर ती शाबासकी घ्यायला आली होती.

तिनं एक ॲप बनवलं होतं. दवाखान्यातल्या रिपोर्टचा फोटो काढायचा, की फोन तो साध्या मराठीत वाचून सांगतो. काय वाढलंय, काय कमी आहे, म्हणजे काय होतं, डॉक्टरांना पुढे काय विचारायचं. जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात बाकाशेजारी टॅब बसवून सहा महिने झाले होते. तिथल्या एका हमालानं आपला साखरेचा रिपोर्ट ऐकला आणि आत जाऊन डॉक्टरांना विचारलं, तीन महिन्यांची सरासरी एवढी वर कशी गेली? डॉक्टर खुर्चीत सरळ झाले म्हणे. तोच हमाल आधीची चार वर्षं नुसती मान डोलवून गोळ्या घेऊन जात होता.

हे ऐकून बाई मनापासून हसल्या.

शलाकाला जोर आला. शेवटी आवाज विचारतो, समजलं का? दोन बटणं येतात, हिरवं हो, लाल नाही. सहाशे बारा लोकांनी रिपोर्ट ऐकले. लाल दाबणारे फक्त नऊ.

"ते नऊ कोण?"

शलाकाला माहीत नव्हतं. काहींचं बोट चुकून लागलं असेल, ती म्हणाली.

"आणि बाकीच्यांचं बोट?"

"ते कसं चुकेल, बाई? त्यांना समजलंय."

बाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी पत्रावळी गोळा करत होतं.

मग त्यांनी पोथीचा रुमाल सोडला आणि आतून एक घडी घातलेला कागद काढला. एका बाईचा आहे, म्हणाल्या. ऐकव मला. तुझ्या पाहुण्याला बसायला काय देऊ? आणि खरोखरच त्यांनी जेवणाचा पाट ओढून त्यावर शलाकाचा फोन ठेवला, समोर हात जोडून बसल्या.

शलाकाला हसू आलं. तिनं फोटो काढला. नाव आलं, यमुना किसन गावंडे, वय एकाहत्तर.

फोन बोलू लागला. आवाज शलाकाचाच होता. कपाटात शिरून, डोक्यावर गोधडी घेऊन तिनं पंधरा दिवस तो रेकॉर्ड केला होता. गोड, सावकाश, कुठेही न अडखळणारा.

‘यमुनाताई, तुमच्या डाव्या स्तनात जी गाठ आहे, तिचा छोटा तुकडा काढून तपासला. त्यात कर्करोगाच्या पेशी दिसल्या आहेत. गाठ साधारण बोराएवढी आहे. अशा गाठीवर उपचार आहेत. ते लवकर सुरू झाले तर फार फायदा होतो. दोन आठवड्यांच्या आत सर्जनना भेटा. भेटल्यावर हे चार प्रश्न विचारा...’

बाई डोळे मिटून ऐकत होत्या, प्रवचन ऐकावं तशा.

शलाका आपलाच आवाज कौतुकानं ऐकत होती. ‘बोराएवढी’ हा शब्द तिनं स्वतः सुचवला होता. सेंटिमीटर कुणाला कळतात?

मग तिची नजर कागदाच्या तारखेवर गेली.

"बाई, हा चार महिन्यांपूर्वीचा आहे."

"हो."

"ऑपरेशन झालं का हिचं?"

"नाही."

तिनं भराभर स्क्रीनवरच्या जुन्या नोंदी चाळल्या. या बाईनं दवाखान्यात रिपोर्ट ऐकला होता, दोन वेळा. शेवटी हिरवं बटण दाबलं होतं. त्यानंतर काहीच नाही. ना सर्जन, ना तपासणी.

शलाकाचं डोकं तापलं. इतकं पोटतिडकीनं समजावून सांगायचं, आणि या बाया घरी जाऊन अंगारा लावत बसणार. नवऱ्याला विचारते, सुनेचं बाळंतपण होऊ दे, दिवाळी होऊ दे. बोराएवढ्या गाठीचं काय होतं चार महिन्यांत, ठाऊक आहे का तिला?

"काय म्हणावं अशा बाईला?" ती म्हणाली.

"काय म्हणावं?" बाईंनी विचारलं.

"अडाणी. दुसरं काय?"

"हं..."

"थांबा, मी आत्ताच फोन लावते तिला. सोय आहे यात. नंबर मलाही दिसत नाही, झाकलेला असतो. पण लागतो."

तिनं बटण दाबलं.

पाटावरच्या फोनमध्ये एक रिंग गेली. दुसरी गेली.

आणि मागच्या कोनाड्यात, समईच्या तेलाच्या बाटलीशेजारी, आश्रमाचा जुना फोन वाजू लागला.

शलाका दचकून उभी राहिली. तिला वाटलं, नेमका आत्ताच कुणाचा तरी फोन यावा! तिनं स्वतःचा कॉल तोडला. कोनाड्यातला गप्प झाला. तिनं पुन्हा लावला. कोनाड्यातला पुन्हा वाजला.

ती बाईंकडे वळली. बाई तशाच बसल्या होत्या, हात जोडून.

"माहेरचं नाव यमुना," त्या म्हणाल्या. "आधारकार्डावर तेच राहिलं. इथलं नाव सरकारला कुठं माहीत?"

फोन वाजतच होता. तो बंद करायला हवा हे शलाकाला सुचलं नाही. वीस वर्षं या बाईंच्या ताटात जेवले, ती मनात म्हणत होती, आणि यांचं आधीचं नाव काय, गाव कोणतं, एकदाही विचारलं नाही. आणि आत्ता... आत्ता मी यांना काय म्हणाले?

रिंग आपोआप थांबली.

"तुम्हाला... नीट समजलं नव्हतं का, बाई?"

"सगळं समजलं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, घरचं कुणी असेल तर आत पाठवा. घर सोडून बावन्न वर्षं झाली, कुणाला पाठवू? बाहेर बाकावर आले तर तुझा आवाज. त्यानं मला बाजूला बसवून दुसऱ्याला सांगितलं नाही. माझं मलाच सांगितलं. इतकं सरळ आजवर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं, पोरी. चांगलं काम केलंस तू."

जिच्यासाठी शलाका आली होती, ती शाबासकी हीच.

"मग चार महिने का थांबलात?"

बाईंनी पाटाची कड बोटानं पुसली.

"भीती वाटली."

शलाकाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पूर आला होता त्या दुपारी गळाभर पाण्यातून डोक्यावर पोथ्यांचं गाठोडं घेऊन चालत आलेली ही बाई. शलाकाची आई गेली तेव्हा घरी येऊन, प्रेताशेजारी बसून छोट्या शलाकाला पसाभर चुरमुरे खाऊ घालणारी. रोगाचं ऐकून बसला नव्हता एवढा धक्का शलाकाला या दोन शब्दांनी बसला.

"तुम्हाला, बाई?"

"मला. एका बटणावर हो होतं, दुसऱ्यावर नाही. मी दोन्हीकडे पाहिलं. मागे चाळीस माणसांची रांग. सिस्टर म्हणाली, आजी, आटपा. म्हटलं, पोरीचा आवाज आहे. तिला कशाला नापास करा..."

बाई हसल्या. शलाकाला हसता आलं नाही.

मग ती खाली बसून बोलू लागली. हल्ली औषधं किती सुधारलीत, या वयातही शंभरातल्या किती जणी बऱ्या होतात, पुण्यात कोणते सर्जन चांगले, ऑपरेशनला किती तास लागतात. ती सावकाश बोलत होती, कुठेही न अडखळता. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, मघाशी फोनसमोर बसल्या होत्या अगदी तशाच.

ते शलाकाच्या लक्षात आलं, आणि तिचा शब्द अर्ध्यात तुटला.

शांततेत पाटावरून तिचाच आवाज आला. मघाशी कुणी बटण दाबलं नव्हतं, म्हणून तो पुन्हा विचारत होता.

‘समजलं का?’

ती इतकी दचकली की गुडघा पाटावर आपटला. तिनं लाल बटण दाबलं. फोन न रागावता पहिल्यापासून सांगू लागला. ‘यमुनाताई, तुमच्या डाव्या...’ तिनं तो उचलून पालथा घातला, हातांनी दाबून धरला, तेव्हा कुठे तो बंद झाला.

"मला काहीच समजत नाहीये, बाई," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. हा आवाज तिनं कधी रेकॉर्ड केला नव्हता. "तुम्हाला काय सांगू, ते कळत नाही. इथं बसू की उठू, तेसुद्धा कळत नाही. मला खूप भीती वाटतेय."

हंसाबाईंनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. कागदाची घडी घालून कमरेला खोचली, आणि भिंतीला हात टेकत सावकाश उठल्या.

"चपला घाल," त्या म्हणाल्या. "आता तुला दवाखान्यात बरोबर न्यायला हरकत नाही."