एंटर दाबण्याआधी

पुरात सापडलेल्या एकेचाळीस बेवारस प्रेतांचे फोटो शवागाराच्या संगणकावर ‘अनोळखी’ नावाच्या फोल्डरमध्ये होते. प्रेतांना अग्नी देऊन झाला होता. नातेवाइकांना ओळख पटवायला आता हे फोटोच उरले होते. शेजारी ‘अनोळखी नमुना’ नावाचं रिकामं फोल्डर होतं. ते पुसायला अधिष्ठाता डॉ. खांडेपारकर स्वतः बसले आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करू लागले.

"साहेब, नावात मोकळी जागा आहे," ऑपरेटर मंदाकिनी तोरसकर म्हणाली. "दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं द्या, नाहीतर संगणक ‘अनोळखी’ आणि ‘नमुना’ अशी दोन वेगळी नावं धरेल आणि फोटोही पुसेल."

"मला शिकवू नका!" साहेबांनी एंटर दाबलं. एकेचाळीस चेहरे गेले, ते कायमचेच.

चौकशीत साहेब उलटले. "मी रिकामंच फोल्डर पुसलं. अवतरणचिन्हांचं थोतांड या बाईंनी मागाहून रचलंय. फोटो यांनीच उडवले."

समितीची परवानगी घेऊन मंदाकिनीने साहेबांचाच लॅपटॉप पुढे ओढला. त्यावर तशीच दोन फोल्डरं केली आणि ‘अनोळखी’मध्ये साहेबांच्या वारलेल्या मुलाचे सगळे फोटो हलवले.

"तीच आज्ञा पुन्हा द्या, साहेब. रिकामंच तर जाणार आहे."

साहेबांनी नाव टाइप केलं. बोट एंटरवर थबकलं. मग मान खाली घालून त्यांनी नावाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं टाकली.

"आता खुशाल दाबा," मंदाकिनी म्हणाली. "तुमचा मुलगा राहील. बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या माणसांसाठी मात्र तुम्हाला ही दोन चिन्हं जड झाली होती."