गोजराची कमान

शिंदोण्याच्या ओढ्यावरचा हा पूल एकाच कमानीचा आहे. खाली उतरून वर बघा. मधला दगड बाकीच्यांपेक्षा बोटभर खाली आलेला दिसेल. पाहुण्यांना वाटतं, पूल खचतोय. पण तो पहिल्याच दिवशी तेवढा बसला आणि पुन्हा कधी हलला नाही, असं सांगतात.

त्याआधी इथे दोन कमानी पडल्या होत्या म्हणे. दोन्ही हैबती गवंड्याने बांधलेल्या. का पडल्या, हे पंचांनी हैबतीला विचारलं नाही, गुरवाला विचारलं. गुरव म्हणाला, ओढा बळी मागतोय, लेकुरवाळी बाई पुलाच्या पायात चिणा. नाव पुढे आलं हैबतीच्या धाकट्या सुनेचं, तानूचं. तिचं मूल अजून अंगावर पीत होतं.

हैबतीची थोरली सून गोजरा. नवरा वारल्यापासून चुना दळायची घाणी तीच चालवायची. कमान का पडते, ते तिला ठाऊक होतं. भट्टीतला चुना एकवीस दिवस भिजावा लागतो. पाटलाच्या मुहूर्तासाठी तो दोन्ही वेळा नवव्या दिवशीच उपसला होता. तिने तेव्हाच सांगितलं होतं. बाईने टोपली उचलावी, तोंड उघडू नये, असं उत्तर मिळालं होतं.

या वेळी ती थेट चावडीत शिरली. "ही कमान मी बांधते. टेकू काढताना खाली मी उभी राहीन. पडली तर तुमचा बळी झाला. तानूला हात लावायचा नाही."

हैबती संतापला. "सूनबाई, थापी म्हणजे उलथणं नव्हे!"

"मामंजी, उलथणं चुकलं तर भाकरी करपते. तुमची थापी चुकली तर माझी जाऊ चिणतात."

पंच कबूल झाले. त्यांचं काय जात होतं? एक ना एक बाई मिळणारच होती.

गोजराने आणि घाणीवरच्या सात बायांनी चुना एकवीस दिवस भिजवला, दळला आणि लाकडी साच्यावर कमान चढवली. दगड हैबतीने धुसफुसतच घडवून दिले. चाळीस दिवस टेकू हलवायचे नाहीत, एवढंच तिने बजावलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी पाटील माणसं आणि घण घेऊन आला. जत्रा चार दिवसांवर होती, पालखी पुलावरून न्यायची होती. गोजराने आरडाओरडा केला नाही. टेकूंच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"काढा. फक्त पाटील, तुम्ही माझ्या शेजारी या."

पाटलाने वर पाहिलं. मग म्हणे त्याला आठवलं, की पालखी पाण्यातूनही नेता येते.

चाळिसाव्या दिवशी सगळं गाव काठावर जमलं. गोजरा कमानीखाली जाऊन उभी राहिली. टेकूंखालच्या पाचरी एकेक करून निघू लागल्या. शेवटची निघाली, साचा उतरवून बाजूला घेतला आणि कमान कण्हली. मधला दगड खाली सरकला. चुन्याचा भुगा गोजराच्या कपाळावर पडला. लोक मागे पळाले, त्यात गुरव सगळ्यांच्या पुढे. तानूने मुलाला छातीशी घट्ट धरून डोळे मिटले. गोजरा जागची हलली नाही.

पळणाऱ्या गर्दीच्या उलट दिशेने चालत हैबती कमानीखाली आला. काठीने मधला दगड ठोकला. कान देऊन ऐकलं. पुन्हा ठोकला.

"बसली," तो म्हणाला. "आता हत्ती न्या वरून."

आणि स्वतःची थापी त्याने सुनेच्या हातात दिली.

पुढे गावाने गोजराची देवी केली. देवीला कामावर घ्यावं लागत नाही, ही त्यातली सोय. आमची वडीलधारी मंडळी तिला हात जोडतात आणि मुलगी गवंडीकाम शिकते म्हटलं की तोंड फिरवतात. पण त्या सात बायांनी नारळ फोडले नाहीत, काम मागून घेतलं. त्यांच्या लेकींनी, नातींनी या पंचक्रोशीतली निम्मी घरं उभी केली.

आजही इथे स्लॅबचे टेकू कधी काढायचे, ते कामावरच्या बायाच ठरवतात. घरमालक घाई करू लागला, की त्यांच्यातली एक टेकूंच्या मधोमध जाऊन उभी राहते आणि जरा सरकून त्याच्यासाठी जागा करते. मालक वर बघतो. आणि बहुतेक वेळा आणखी आठवडाभर थांबतो.