रुमालाखालचा भाव

"मग नाडी खोटं बोलते, असं म्हणायचंय का तुम्हाला, मॅडम?"

निनाद घोरपडेचा आवाज जरा चढलाच होता. देवस्थळीबाईंनी मान वर केली नाही. त्या धुऊन आलेल्या नॅपकिनांच्या घड्या घालत होत्या.

"खोटं बोलते असं मी कुठे म्हटलं?"

"पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नकोस, असं म्हणालात ना आत्ता?"

"हं..."

आणि पुढची घडी.

सांगलीतल्या एका हॉस्पिटलचा हा फिजिओथेरपी विभाग, आणि बाई त्याच्या प्रमुख. दुसऱ्यांचे गुडघे वळते करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि आता स्वतःच्याच गुडघ्याने असा दगा दिला होता की सोमवारपासून रजा घेऊन ऑपरेशन करून घेणं भाग होतं. सकाळी येणारे हृदयाचे पेशंट तोवर कुणाच्या तरी हाती सोपवायला हवे होते. झटका येऊन गेलेली माणसं ती. त्यांना बेताबेताने चालवत पुन्हा कामाधामाला लावायचं, हे नाजूक काम.

निनादला ते पेशंट हवे होते. मनापासून हवे होते. इंटर्नशिप संपत आली होती, औषधशास्त्रात तो कॉलेजात पहिला आला होता, आणि बाई एखाद्यावर पेशंट सोपवतात म्हणजे काय, हे अख्खं कॉलेज जाणून होतं. आज बाईंसमोर एक पेशंट चालवून दाखवायचा, मग त्या ठरवणार होत्या.

"बरं," बाई म्हणाल्या. "रक्त पातळ करायची गोळी घेणारा पेशंट आला तर?"

"खोल मालिश करायचं नाही. काळंनिळं पडतं. तोल सांभाळायचा, कारण पडला तर रक्त लवकर थांबत नाही."

"लघवीची गोळी?"

"एकदम उभं करायचं नाही. चक्कर येते."

"बरेच दिवस स्टेरॉइड चाललंय..."

"हाडं ठिसूळ, कातडी पातळ. जपून हात लावायचा."

"आणि येताना पेनकिलर घेऊन आला असेल?"

"दुखणं झाकलं जातं, मॅडम. आपण खांदा ताणत जाऊ आणि तो ओरडणार नाही."

"नाडी मंद करणारी?"

"बीटा ब्लॉकर. व्यायाम केला तरी नाडी फारशी चढू देत नाही. थकवा येतो, हातपाय गार पडतात." निनाद हसला. "सगळं तोंडपाठ आहे, मॅडम."

बाईंनी हातातला नॅपकिन खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि ते अगदी खरं होतं. हुशार पोरांचं त्यांना मनापासून कौतुक वाटे.

"छान. फार छान. किती येतं म्हणशील तुला औषधांतलं?"

निनादने पंजा वर केला. "पाचपैकी पाच."

बाई हसल्या. पुन्हा घडी घालू लागल्या.

बाईंची एक पद्धत होती. बाकीचे लोक पेशंटला आधी "कुठे दुखतंय?" असं विचारतात. बाई विचारत, "आज काय घेतलंत? कधी घेतलंत?" त्यांचे पेशंट गोळ्या डब्यात घालून आणत. बाई टेबलावर नॅपकिन अंथरत, त्यावर गोळ्या काढायला लावत आणि भाजी निवडावी तशा एकेक बोटाने सरकवून बघत. यात रोज वेळ जाई. पोरं मागून त्यांना डबेवाल्या बाई म्हणत, आणि हे नाव कुणी पाडलं हे निनादला चांगलं ठाऊक होतं, कारण ते त्यानेच पाडलं होतं. फाइलमध्ये सगळं लिहिलेलं असताना डबा कशाला, हा त्याचा सवाल होता.

एवढ्यात दारातून दणदणीत आवाज आला.

"बाई, आज कुनाच्या ताब्यात देताय आमाला?"

बाबगोंडा मगदूम आत आले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. हळदीच्या पेठेतले जुने अडते, सत्तरीच्या घरातले. झटका आल्यापासून थोरल्या लेकाने त्यांना पेठेची पायरी चढू दिली नव्हती. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय गादीवर बसायचं नाही, असा घरचा हुकूम होता. अण्णांना तो हुकूम फार लागला होता.

"आज निनाद घेणार तुम्हाला," बाई म्हणाल्या. "मी नुसती बसणार."

"बसा की. बघा कसा पळतो ते."

अण्णांनी सवयीने खिशातून गोळ्यांचा छोटा स्टीलचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

निनादने तो बाजूला सरकवला. तिथे त्याला रक्तदाबाचं यंत्र ठेवायचं होतं.

बाईंचे हात क्षणभर थांबले... मग पुन्हा चालू झाले.

"बरं वाटतंय ना, अण्णा?"

"झकास."

रक्तदाब ठीक होता. निनादने त्यांच्या छातीला नाडी मोजणारा पट्टा बांधला, ट्रेडमिल सुरू केली, आणि अण्णा तिच्या फिरत्या पट्ट्यावर चालू लागले. अण्णा नाडी मंद करणारी गोळी घेतात, हे त्याला ठाऊक होतं. तिचा हिशेब धरूनच नाडी कुठवर न्यायची तो आकडा त्याने काढला होता. अगदी नेमका काढला होता.

पण नाडी त्या आकड्याच्या आसपासही येईना.

निनादने वेग वाढवला. अण्णा पेठेतल्या गमती सांगत होते. कोण कसा बनेल, कुणाची हळद दिसायला सोनं आणि आत पोकळ. खुर्च्यांवर बसलेले बाकीचे पेशंट खो-खो हसत होते.

नाडी जिथल्या तिथे.

"अण्णा, अजून थोडं वाढवू?"

"वाढव की!"

त्याने वाढवलं. आता गमती आखूड होऊ लागल्या. मग नुसतं "व्हय" आणि "न्हाई" उरलं. मग तेही थांबलं.

निनादची नजर पडद्यावर होती. तिथे सगळं शांत होतं. इतकं शांत, की त्याला अजून पुष्कळ वाव दिसत होता.

"त्रास होतोय का?"

"छ्या..."

त्याचा हात पुन्हा बटणाकडे गेला.

बाई उठल्या. दुखरा गुडघा ओढत त्या पट्ट्याजवळ गेल्या, हातातला नॅपकिन दांडीवरच्या अण्णांच्या मुठीवर टाकला आणि आपला हात त्याच्याखाली सारला.

"काय भाव, अण्णा?"

अण्णांनी चमकून पाहिलं. हळदीच्या पेठेत जुने सौदे असेच होत. रुमालाखाली हात, बोटं दाबून भाव. चारचौघांत उभं राहून चारचौघांपासून लपवायची ती रीत. बोललेला शब्द सगळ्यांच्या कानावर जातो, बोटाचा भाव फक्त समोरच्याला कळतो.

"एक बोट म्हणजे मजेत," बाई हळूच म्हणाल्या. "अख्खा पंजा म्हणजे पुरे."

अण्णा हसले. लोकांकडे बघून हसले, चांगले रुबाबात. पण नॅपकिन हलला.

बाईंचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. त्यांनी मोकळ्या हाताने वेग कमी केला... आणखी कमी केला... अण्णांना रमतगमत चालवलं, मग हात धरून खुर्चीत बसवलं. एकदम थांबवलं नाही.

"चला, झालं आजचं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "भाव पटला आमचा."

आता निनादला दिसलं. अण्णांचे ओठ पांढरे पडले होते. कपाळावर घाम डवरला होता, हात गार होता, श्वास वरच्या वर चालला होता. हे सगळं मघापासून त्याच्यासमोर, हाताच्या अंतरावर होतं.

बाईंनी बोलावल्यावर खालून डॉक्टर आले. त्यांनी तपासलं, हृदयाचा आलेख काढला, थोडा वेळ थांबले. अण्णांच्या ओठांवर हळूहळू रंग आला.

"वेळेत थांबवलंत," डॉक्टर निनादला म्हणाले. पट्ट्यापाशी तोच उभा होता ना.



डॉक्टर गेल्यावर बाईंनी टेबलावर नॅपकिन अंथरला, बाजूला सरकवलेला डबा जवळ ओढला आणि गोळ्या काढल्या. एक गोळी बोटाने पुढे सरकवली.

"ही मोठी कधीपासून?"

"गुरुवारपास्नं. पयली बारकी हुती, डॉक्टरांनी वाढवून दिली," अण्णा म्हणाले. "तवापास्नं पाय शिशागत जड झाल्यात बघा."

"मग याला सांगितलं का नाही?"

"त्यानं इचारलंच न्हाई की, बाई." अण्णांच्या स्वरात तक्रार नव्हती. "डबा ठिवला हुता म्या समोर."

निनादने त्या गोळीकडे पाहिलं. फाइलमध्ये अजून बारकीच लिहिलेली होती. तिचं नाव, तिचं काम, तिचे दुष्परिणाम, सारं त्याला ठाऊक होतं. घटकेपूर्वीच त्याने ते घडाघडा म्हणून दाखवलं होतं. नाडी चढू देत नाही. थकवा येतो. हातपाय गार पडतात.

दुपारी विभाग रिकामा झाला. पेशंट गेले, पट्टा बंद, पडदा काळा. बाई पाय स्टुलावर ठेवून गुडघ्याला बर्फ लावत बसल्या होत्या. निनाद समोर येऊन उभा राहिला.

"मॅडम... सोमवारचे पेशंट तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या."

"का?"

"आज अण्णांचं काहीतरी झालं असतं. माझ्या हातून."

"हो," बाई म्हणाल्या. "झालं असतं."

त्यांनी गोड करून सांगितलं नाही. निनादला वाटलं, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सकाळी डॉक्टरांनी शाबासकी चुकीच्या माणसाला दिली तेव्हाही त्या गप्प राहिल्या होत्या. एवढं मोठं माणूस रोज समोर घड्या घालत बसलेलं, आणि आपण त्याला नावं ठेवत हिंडत होतो, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला सगळं माहीत होतं, मॅडम. तरीही..."

बाईंनी बर्फाची पिशवी बाजूला ठेवली. हात पुसला. घड्यांच्या गठ्ठ्यातून एक नॅपकिन घेतला, उलगडला आणि आपल्या हातावर टाकला.

"ये."

निनाद पुढे झाला. त्याने नॅपकिनखाली हात घातला. बाईंचा हात बर्फाने गार झाला होता.

"औषधांतलं किती येतं? काय भाव?"



निनादने बाईंची बोटं धरली. सकाळी हाच पंजा त्याने वर केला होता. आता एक बोट दाबावं म्हटलं तरी दाबवेना. त्याचा हात तसाच राहिला, बाईंच्या बोटांभोवती.



मग बाईंनी नॅपकिन काढून घेतला, त्याची नीट घडी घातली आणि गठ्ठ्यावर ठेवली.

"पटला. सोमवारी येताना स्वतःचा नॅपकिन आण."